एका स्टँडवर दोघं

पाहुणा ऑर्केस्ट्रा येणार म्हटलं की पहिलं काम खुर्च्या मोजण्याचं. त्याही बिनहाताच्या, कारण हाताच्या खुर्चीत बसून चेलो, म्हणजे गुडघ्यांत धरून वाजवायचं मोठ्या व्हायोलिनसारखं वाद्य, नीट धरताच येत नाही. पाठोपाठ नोटेशनचे स्टँड, चेलोहूनही मोठा डबल बास वाजवणाऱ्यांची उंच स्टुलं, चेलोचं टोक फरशीवरून घसरू नये म्हणून लागणारे पट्टे. दोन ऑर्केस्ट्रा एकत्र बसवायचे तर हे सगळं दुप्पट, आणि आमच्या संगीतशाळेच्या तळघरातल्या निम्म्या स्टँडांचे स्क्रू ढिले. पालक समितीत ‘सामान’ हे खातं माझ्या गळ्यात पडलं, कारण मी मागच्या रांगेत बसले होते आणि पुढच्यांनी ‘जेवण’, ‘बस’, ‘हिशेब’ ही खाती आधीच उचलली होती.

आम्ही राहतो जर्मनीत, स्टुटगार्टच्या उत्तरेला, लुडविग्सबुर्गजवळच्या एका लहान गावात. नवरा गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत, मी अर्धवेळ नोकरीत, आणि लेक गावच्या संगीतशाळेच्या युवा ऑर्केस्ट्रात व्हिओला, म्हणजे व्हायोलिनचं जरा मोठं भावंड, वाजवते. इथे छोट्या गावांतही नगरपालिकेची संगीतशाळा असते, आणि पुष्कळ गावांचं फ्रान्समधल्या एखाद्या गावाशी जोडगावाचं नातं असतं. या नात्याची सुरुवात आमच्या शेजारीच झाली. दुसरं महायुद्ध संपून पाचच वर्षं झाली होती, तेव्हा, १९५० साली, लुडविग्सबुर्ग आणि फ्रान्समधलं मोंबेलियार ही दोन शहरं जोडली गेली. जर्मन-फ्रेंच जोडीतली ती पहिली. १९६३ साली दोन्ही देशांत मैत्रीचा एलिझे करार झाला आणि त्याच वर्षी जर्मन-फ्रेंच युवा कार्यालय सुरू झालं. मुलांच्या अशा देवाणघेवाणीला ते आजही पैसे देतं. आमच्या पाहुण्यांच्या, म्हणजे फ्रान्सहून येणाऱ्या युवा ऑर्केस्ट्राच्या, बसभाड्याचा काही भाग तिथूनच आला.

पैसे मिळतात, पण अटी असतात. नुसतं ‘आले, वाजवलं, गेले’ चालत नाही. कार्यक्रम दोन्ही बाजूंनी मिळून करायचा, पाहुणे आले की पुढे यजमानांनीही त्यांच्याकडे जायचं, रोज काय करणार ते आधी लिहून द्यायचं, आणि शेवटी प्रत्येक मुलाची सही असलेली यादी जोडायची. भाषेचे खेळही त्यात बसतात. या सगळ्याला मी आधी सरकारी कटकट म्हणत होते. आता म्हणत नाही. ती ‘मिळून करायचं’ची अट नसती, तर दोन ऑर्केस्ट्रा एकाच हॉलमध्ये आठवडाभर शेजारी शेजारी बसून एकमेकांना न भेटता परत गेले असते.

पालकांच्या बैठकीत खरा वाद झाला तो मुक्कामावर. काहींचं म्हणणं, यूथ होस्टेल घ्या. सगळी मुलं एका जागी, जेवणाची सोय, कुणाला कसली ॲलर्जी आहे ते होस्टेलवाले बघतील. बाजू काही चुकीची नव्हती. चाळीसेक मुलं, त्यातली बरीचशी अल्पवयीन, रात्री कुणाला ताप आला तर कुणी बघायचं हा प्रश्न होताच. पण आमच्या ऑर्केस्ट्राचा कंडक्टर अडून बसला. म्हणाला, होस्टेलमध्ये ती मुलं आपापसात फ्रेंचच बोलणार आणि आपली मुलं तालमीनंतर घरी जाणार. मग बोलावता कशाला? रेकॉर्डिंग मागवा. शेवटी मतदान झालं आणि घरं जिंकली, थोड्या फरकाने.

मग वाटणी. मला वाटलं होतं व्हायोलिनवाल्याच्या घरी व्हायोलिनवाला असं काही असेल. प्रत्यक्षात यादी ठरते ती मांजरावरून. कुणाच्या घरी मांजर, कुणाला मांजराची ॲलर्जी, कोण शाकाहारी, कुणाला एकट्याने झोपायची सवय नाही, कुणाच्या घरापासून हॉलपर्यंत चालत येता येतं. आणि चेलो वर नेता येईल का. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. म्हणून आमच्याकडे डबल बास वाजवणारी मुलगी आली. ऐकायला उलटं वाटेल, पण डबल बास बसमधून आणलेच नव्हते. इतक्या माणसांच्या सामानात ते मावत नाहीत. आम्ही इथून तिथून गोळा केलेले बास हॉलमध्येच राहणार होते आणि ती मुलगी पाठीला फक्त एक लांब नळकांडं लावून आली. त्यात तिचा गज.

२०२४ चा ऑक्टोबर संपत आला होता. त्यांच्या आणि आमच्या शरदातल्या सुट्ट्या त्या आठवड्यात जुळत होत्या म्हणून तारखा तशा धरलेल्या. समितीत कुणाला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, पण मी कॅलेंडर उघडलं तर नरकचतुर्दशी ३१ ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला आणि पाडवा मैफलीच्या दिवशी. शिवाय १ नोव्हेंबर म्हणजे सर्व संतांचा दिवस, इथे सुट्टी, सगळी दुकानं बंद. इथे ‘जरा कोपऱ्यावरून दूध आण’ म्हणायची सोय नसते. गुरुवारीच सगळं भरून ठेवलं.

जेवणाचा प्रश्न आमच्या घरी आला नाही, इतरांकडे आला. इथे पुष्कळ घरांत संध्याकाळी सहाच्या सुमारास थंड जेवण असतं: ब्रेड, चीज, काकडी, फार तर लोणचं. फ्रेंच मुलांना रात्री साडेसात-आठला गरम जेवायची सवय. पहिल्या दिवशी सहा वाजता ब्रेड समोर आला तो त्यांनी मधल्या वेळचं खाणं समजून खाल्ला आणि मग बिचारी आठ वाजेपर्यंत जेवणाची वाट बघत बसली. आमच्याकडे रात्री आठला वरण-भात, भाजी, पोळी. आमची पाहुणी निवांत जेवली. तिसऱ्या दिवशी तिच्या दोन मैत्रिणी ‘सहज भेटायला’ म्हणून बरोबर आठ वाजता आल्या.

नरकचतुर्दशीला पहाटे उठून तेल लावून आंघोळ का करायची, हे तिला समजावता समजावता लेकीचं शाळेतलं फ्रेंच संपलं. उटण्याचा वास मात्र तिला आवडला. ती पुडी ती घरी घेऊन गेली. फराळाचे डबे मी तालमीच्या सुट्टीत नेले. इथल्या लोणी लावलेल्या ब्रेत्सेलच्या, म्हणजे वळणदार खारट पावाच्या, टोपलीशेजारी चकली ठेवली आणि चकली आधी संपली, हे मी आईला फोनवर दोनदा सांगितलं. लाडवावर मात्र चेलोच्या बाईंनी बंदी घातली. तुपाचा हात गजाच्या केसांना लागला तर त्यावर राळ धरत नाही आणि गज तारेवरून नुसता घसरतो. शंकरपाळ्यांना परवानगी मिळाली, तीही हात धुण्याच्या अटीवर.

आता तालीम. कार्यक्रमात तीन गोष्टी होत्या. आमच्याकडून ऑस्ट्रियन संगीतकार शूबर्टची ‘अपूर्ण’ सिंफनी, १८२२ मधली, पूर्ण झालेले तिचे दोन भाग. त्यांच्याकडून फ्रेंच संगीतकार बिझेच्या सी मेजरमधल्या सिंफनीचा पहिला भाग. आणि शेवटी बिझेचंच ‘फारांदोल’ हे नाचाचं संगीत. सी मेजर सिंफनी युवा ऑर्केस्ट्रांना आवडते त्याला कारण आहे. बिझेने ती १८५५ मध्ये लिहिली तेव्हा तो नुकताच सतरा वर्षांचा झाला होता, पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटोअर या संगीतविद्यालयात शिकत होता. हयातीत त्याने ती कधी वाजवून घेतली नाही. हस्तलिखित पडून राहिलं आणि ती पहिल्यांदा वाजली १९३५ मध्ये, स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी. पाहुण्यांची बस बाझेलच्या जवळूनच आली होती. आमच्या कंडक्टरने हे पहिल्या तालमीला सांगितलं, तेव्हा मागच्या रांगेतला एक ट्रंपेटवाला म्हणाला, म्हणजे मी अजून एक वर्ष थांबू शकतो.

पहिल्या तालमीला मुलं बसली ती अपेक्षेप्रमाणे. डावीकडे फ्रेंच, उजवीकडे जर्मन, मधे एक न बोललेली वाट. आवाजही तसाच. एकाच ओळीत दोन व्हायोलिन विभाग गज उलटसुलट दिशेने ओढत होते. गजाच्या दिशा आधी ठरवून दोन्हीकडे पाठवल्या होत्या, पण प्रत्येकाच्या जुन्या सवयी हातात होत्याच.

मधल्या सुट्टीनंतर दोघा कंडक्टरांनी सगळ्यांना उठवलं आणि प्रत्येक स्टँडवर एक आमचा, एक त्यांचा असं बसवलं. तंतुवाद्यांत दोघांत एक स्टँड असतो. बाहेरच्या बाजूचा वाजवत राहतो आणि आतल्या बाजूचा थांबून पान उलटतो. पेन्सिल एकच, ती स्टँडच्या कडेवर. आता काही खूण करायची तर दोघांनी मिळून करायची. गज वर, गज खाली या खुणा दोन्ही देशांत सारख्याच, बोटांचे आकडेही सारखे. पान कधी उलटायचं यासाठी डोळ्यांनी बोलावं लागतं. दुसऱ्या दिवशी आमच्या लेकीच्या स्टँडवर मी लांबून पाहिलं, तर तिने एका कठीण जागी चष्म्याचं चित्र काढलं होतं, म्हणजे ‘इथे वर बघ’, आणि शेजारच्या मुलाने त्या चष्म्याला मिशी काढली होती.

मला जे म्हणायचं आहे ते इथलंच. एरवी, म्हणजे जेवणाच्या सुट्टीत, पिंगपाँगच्या टेबलाभोवती, बसमध्ये, मुलं आपोआप भाषेप्रमाणे वेगळी होत होती. वाईट मनाने अजिबात नाही. दमलेल्या माणसाला आपल्या भाषेत बोलायचं असतं, हे मला कुणी सांगायला नको. ‘संगीताला भाषा नसते’ असं त्या आठवड्यात प्रत्येक पाहुण्याने भाषणात म्हटलं. नगराध्यक्षांनी दोनदा. मला विचाराल तर संगीताने एकट्याने काहीही जोडलं नाही. एक स्टँड, एक पेन्सिल, एका खोलीत दोन गाद्या, असं कुणीतरी मुद्दाम ठरवून दिलं तिथे मुलं जोडली गेली.

आणि भाषा तर पदोपदी आड येत होती. कंडक्टर जर्मनमध्ये म्हणाला, सत्याण्णवाव्या मात्राखंडापासून. जर्मनमध्ये आपल्यासारखाच एकक आधी येतो, सात आणि नव्वद. फ्रेंच मुलांनी ऐकता ऐकता लिहिलं ७९. निम्मा ऑर्केस्ट्रा अठरा मात्राखंड मागून सुरू झाला आणि गंमत म्हणजे दोन ओळी कुणाला कळलंही नाही. त्यानंतर टिंपनी, म्हणजे मोठे नगारे, वाजवणाऱ्याला, ज्याला शूबर्टमध्ये वाट बघण्याशिवाय फारसं काम नसतं, एक पांढरी पाटी दिली. आकडा उच्चारला की तो लिहून वर धरायचा. स्वरांच्या नावांचं तसंच. शूबर्टची सिंफनी बी मायनरमधली. तो बी जर्मन मुलांचा ‘हा’ आणि फ्रेंच मुलांचा ‘सी’, म्हणजे दो-रे-मीतला शेवटचा. फ्रेंच दो-रे-मी ऐकून मला वाटलं, आपल्या सारेगमसारखंच की. पण आपला सा गाणाऱ्याबरोबर हलतो, त्यांचा दो जागचा हलत नाही.

सूर लावण्यावरून जे झालं ते खास ऑर्केस्ट्रातलं भांडण. आमची मुलं ४४३ हर्ट्झच्या ‘ए’ या स्वराला वाद्यं लावतात, पाहुणी मुलं ४४२च्या. हा फरक आपल्या सगळ्यात लहान श्रुतीच्या पाचव्या हिश्श्याएवढाही नाही. तंतुवाद्यांना काही वाटत नाही, खुंटी जरा फिरवली की झालं. पण ऑर्केस्ट्राला सूर देतो ओबो, सनईच्या जातीचं वाद्य, आणि ओबोवाल्यांचा स्वाभिमान हर्ट्झमध्ये मोजलेला असतो. दोन देशांचे दोन ओबो, दोघांच्या स्टँडवर ट्यूनरची दोन यंत्रं. निर्णय झाला तो ४४२. पाहुण्यांना मान म्हणून. आमच्या ओबोवाल्याने तो आठवडाभर चेहऱ्यावर वागवला.

आमच्या पाहुणीची गोष्ट वेगळी. डबल बासचा गज धरायच्या दोन रीती आहेत. जर्मन रीतीत हात गजाच्या खालून येतो, फ्रेंच रीतीत वरून, चेलोसारखा. गजही वेगळे. तिच्या हातात फ्रेंच गज आणि अंगाला टेकलेला बास आमच्या शाळेचा, ज्याच्या तारा तिच्या मते फारच उंच. शेजारी आमचा मुलगा, जर्मन गजाचा. शूबर्टची सिंफनी सुरूच होते ती फक्त चेलो आणि बास यांच्या अगदी हलक्या सुरावटीने. वर काहीही नाही, लपायला जागा नाही. एकाचा हात खालून, एकीचा वरून, आणि आवाज एकच यायला हवा. पहिले दोन दिवस तो दोन आवाजांचा येत होता. बासच्या गुरुजींनी दोघांना एकमेकांचा गज देऊन वाजवायला लावलं. दोघंही हसून लोळायची बाकी होती. पण त्यानंतर गज तारेवर किती वजनाने ठेवायचा यावर दोघांचं एकमत झालं, तेही बहुतेक हातवाऱ्यांनी.

एक दिवस सहलीचा होता. लुडविग्सबुर्गच्या राजवाड्याच्या बागेत शरदात भोपळ्यांचं मोठं प्रदर्शन भरतं, मुलांना खरा रस त्यात. पण आधी राजवाड्याच्या अंगणात थांबलो. ९ सप्टेंबर १९६२ रोजी याच अंगणात फ्रान्सचे अध्यक्ष दगॉल जर्मन तरुणांसमोर बोलले होते, आणि जर्मनमध्ये बोलले होते. स्वतः जर्मनांच्या कैदेत राहिलेला माणूस, पहिल्या महायुद्धात. आमच्याबरोबरच्या एका आजींनी ते भाषण शाळकरी वयात तिथे उभं राहून ऐकलं होतं. त्यांना एकच आठवत होतं: केवढा उंच होता! मुलांनी दगडी फरशीवर उभं राहून फोटो काढले आणि भोपळ्यांकडे पळाली.

शुक्रवारी, दुकानं बंद असताना, एका फ्रेंच मुलीच्या क्लॅरिनेटच्या तोंडाला लावायची वेताची पत्ती चिरली, आणि डब्यातल्या उरलेल्याही कामाच्या नव्हत्या. आमच्या क्लॅरिनेटवाल्यांनी लगेच आपले डबे उघडले. उपयोग शून्य. जर्मन क्लॅरिनेट वेगळ्या घडणीची असते, तिचं तोंड अरुंद, तिच्या पत्त्याही अरुंद. चाव्याही वेगळ्या, म्हणजे वाद्यच उसनं द्यावं तर बोटं चुकणार. वाद्यांचं दुकान शनिवारी उघडणार, पण शुक्रवारी पूर्ण तालीम. शेवटी गावच्या बँडमधल्या एका काकांना फोन केला. त्यांना जॅझचा नाद, त्यामुळे त्यांच्याकडे फ्रेंच घडणीची क्लॅरिनेट. सुट्टीच्या दिवशी दुपारी ते सायकलवरून पत्त्यांचा डबा घेऊन आले. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दारात आलेल्या माणसाला मी रिकाम्या हाती कशी पाठवणार? चिवड्याची पुडी घेऊन गेले बिचारे.

घरच्या सरावाला वेळेचं बंधन होतं. इथे रात्री दहानंतर वाद्य वाजवलेलं चालत नाही आणि आमच्या इमारतीच्या नियमात दुपारी एक ते तीनही शांतता. ज्या घरांत ट्रॉम्बोन उतरला होता तिथे शेजाऱ्यांना आधीच चिठ्ठ्या दिल्या होत्या. आमच्याकडे गज नळकांड्यात, वाद्य हॉलमध्ये, त्यामुळे खालच्या मजल्यावरच्या आजोबांना पाहुणी आल्याचं कळलं ते फोडणीच्या वासाने.

मैफल झाली गावच्या हॉलमध्ये, जिथे एरवी हँडबॉलचे सामने होतात. त्या लाकडी फरशीला चेलोच्या टोकाने एक भोक पडलं तर नगरपालिका बिल पाठवते, म्हणून आदल्या रात्री आम्ही काही पालकांनी सगळ्या फरशीवर गालिचाचे तुकडे अंथरले. माझ्या खात्यातलं सगळ्यात मोठं काम हेच. कार्यक्रमपत्रिका हक्कशुल्क गोळा करणाऱ्या संस्थेला आधी कळवावी लागते. शूबर्ट आणि बिझे यांना जाऊन सत्तर वर्षं केव्हाच उलटली आहेत, त्यामुळे त्यांचे पैसे नाहीत. मुलांना वन्समोअरला एका सिनेमाचं संगीत हवं होतं. त्याचे पडतात. हिशेबवाल्या बाईंनी नकारार्थी मान हलवली आणि वन्समोअरला फारांदोलच पुन्हा वाजवायचं ठरलं.

शूबर्टची सुरुवात मी मागे उभी राहून ऐकली, कारण जास्तीच्या खुर्च्या मांडता मांडता माझीच खुर्ची गेली होती. बास एका आवाजात आले. पुढे व्हिओलांनी एक जागा घाईने घेतली, ते लेकीने घरी येऊन स्वतःच सांगितलं. बिझेमध्ये हॉर्नवाल्यांचा एक स्वर फुटला. फारांदोलच्या शेवटी सगळेच इतके जोरात आणि इतके भरभर गेले की दोन्ही कंडक्टर, एक हातात काठी घेऊन आणि दुसरा पहिल्या रांगेत, सारखेच घाबरलेले दिसले. वन्समोअरला त्याहून भरभर.

रविवारी सकाळी बस निघाल्यावर कामं संपली नव्हती. एका मुलाची सही यादीवर राहिली होती, ती स्कॅन करून मागवावी लागली. एक हॉर्न आमच्याकडेच राहिला, तो पुढच्या आठवड्यात कुणाच्या तरी गाडीतून गेला. उसने आणलेले बास परत करताना एकाच्या पाठीवर नवा ओरखडा दिसला आणि तो नवा की जुना यावर मालकाशी अर्धा तास बोलणं झालं.

परतभेट वसंतात ठरली आहे. त्यांच्याकडचा फॉर्म येऊन पडला: ॲलर्जी, मांजर, शाकाहार, वाद्य. बास तिकडेही न्यायचे नाहीत, फक्त गज. आमच्या बासवाल्यांकडे गजाची नळकांडी नाहीत, ती घ्यावी लागतील. ती ‘प्रवास’ या खात्यात धरायची की ‘सामान’ या, यावर हिशेबवाल्या बाईंची आणि माझी सध्या ईमेल चालू आहे.